मेकॅनिकलवरून मरीन टेक्नॉलॉजीत जायलेय : पाया कसा भरायचा? (समुद्र एकदाच बघितलाय, तोही अलिबागला)

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची सेलूची, जिल्हा परभणी. बीई मेकॅनिकल. सध्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, गेज अन् रिजेक्शनचे कागद. कंटाळा आलाय असं नाही, पण पुढची वीस वर्षं हेच, असं डोक्यात आलं की झोप येत नाही.

इंग्लंडातल्या एका विद्यापीठातून मरीन टेक्नॉलॉजीच्या एमएस्सीचं ऑफर लेटर आलंय, एक वर्षाचा कोर्स. गेटचा स्कोअरही बरा आहे, म्हणजे आयआयटीत ओशन इंजिनीअरिंगला एमटेकसाठी अर्ज करता येईल. दोन्हीकडे जहाजाची पार्श्वभूमी नसलेल्यांना आधी मूलतत्त्वांचा पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम उघडला अन् घाबरले. हायड्रोस्टॅटिक्स (तरंगण्याचं गणित), स्टॅबिलिटी, रेझिस्टन्स (पाण्याचा विरोध), प्रोपल्शन (जहाज पुढं ढकलणं), स्ट्रक्चर, सीकीपिंग (लाटांत जहाज कसं हलतं ते), वरून आंतरराष्ट्रीय नियम. बाकीच्यांनी बीटेकची चार वर्षं जे केलं ते मी एका सत्रात कसं करणार?

घरचे म्हणायलेत, "दुधनेला पूर आला की तुला पुलावर जाऊ देत नाही आम्ही, अन् तू जहाजावर जायलीस?" त्यांना काय सांगू? हे शिकून जहाजावरच जावं लागतं का? हाताशी चार महिने आहेत, त्यात काय वाचू? इथल्या एका क्लासवाल्याने जहाज-डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा कोर्स गळ्यात मारायचं चालवलंय. फी ऐकून वडील म्हणाले, एवढ्यात तर विहिरीवर नवी मोटर बसते. करू का तो?

---

लातूरचा_इंजिनवाला

ताई, घरच्यांचा घोर आधी मिटवतो. एमएस्सी करा नाहीतर एमटेक, त्या डिग्रीवर तुम्हाला कुणी जहाज चालवायला देणार नाही. जहाजावर इंजिनीअर म्हणून जायचं तर वेगळी वाट आहे : मेकॅनिकल झालेल्यांनी डीजी शिपिंगची (सरकारच्या जहाज खात्याची) मान्यता असलेल्या संस्थेत जीएमई हा मरीन इंजिनीअरिंगचा कोर्स करायचा, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही काढायची, जहाजावर ठरलेला काळ भरायचा अन् मग एमईओ क्लास फोर ही जहाजावरच्या इंजिनीअरची परीक्षा. मी त्याच वाटेनं गेलो. सध्या सुट्टीवर आहे, उदगीरला, कांदे निवडत बसलोय.

तुमचं काम किनाऱ्यावरचं. जहाज कसं असावं हे ठरवायचं. आम्ही ते कसं नाही ते शोधून काढतो.

एक गंमत सांगतो, कारण तुम्ही मेकॅनिकलच्या. मोठ्या मालवाहू जहाजाचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साधारण ऐंशी ते शंभर फेरेच घेतं. मध्ये गिअरबॉक्स नाही, शाफ्ट सरळ पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला. इतकं हळू का? तर मोठा अन् सावकाश फिरणारा पंखा छोट्या वेगवानापेक्षा कमी ताकद वाया घालवतो. म्हणजे इंजिनाचा वेग ठरवला पंख्यानं, अन् पंख्याचा व्यास ठरवला मागच्या बाजूला जहाज पाण्यात किती खोल बसतं त्यानं. एक धागा ओढला की सगळं येतं सोबत. तुमच्या त्या पेपरात एवढे विषय एकत्र का कोंबलेत, त्याचं उत्तर यातच आहे.

---

नांदेडकर_जुना

कर्ज किती काढायलात ते लिहिलं नाही. मी सरळ सांगतो, आयआयटीत मिळत असेल तर मद्रास किंवा खरगपूर, डोळे झाकून. तिथं एमटेकला स्टायपेंड मिळतो, तिकडं फी भरावी लागते. हा हिशोब करायला इंजिनीअर लागत नाही. परदेशात राहायची हौस असेल तर तसं म्हणा, मग माझी ना नाही.

---

नाथसागर

मी पैठणचा. सिव्हिल केलं, काही दिवस जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ठेकेदाराकडे होतो, मग ओशन इंजिनीअरिंगला एमटेक. आता मुंबईत जहाजांचे नकाशे अन् हिशोब तपासतो. डिझायनरने पाठवलेल्या कागदांतल्या चुका काढायच्या अन् त्याच्या शिव्या खायच्या, असं कामाचं स्वरूप. वयानं मोठा असणार, म्हणून अगं-तुगं करतो.

नांदेडकरांचं पैशाचं म्हणणं बरोबर आहे, पण "डोळे झाकून" नको. केरळात कोचीचं कुसॅट विद्यापीठ आहे, कर्नाटकात सुरतकलचं एनआयटी आहे, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे. २०२२ पासून गेटला नेव्हल आर्किटेक्चर अन् मरीन इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर असतो. तरी बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकल-सिव्हिलच्या स्कोअरवरही घेतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाच.

सॉफ्टवेअरचा क्लास लावू नकोस. मोटर बसव. माझ्याकडे नेहमी असे रिपोर्ट येतात की आकडे दशांशाच्या तीन घरांपर्यंत, रंगीत आलेख, आणि जीएम, म्हणजे कललेलं जहाज परत सरळ येईल का याचं माप, उणे. म्हणजे जहाज बंदरातच कलंडणार. पोरगा म्हणतो, "सर, सॉफ्टवेअरनं दिलंय." हातानं एकदा केलेलं असलं की उणे आकडा बघून पोटात गोळा येतो, अन् तो यायला पाहिजे.

पेपर लांबलचक दिसतो, पण त्यात खरी गाठ दोनच ठिकाणी आहे : जहाज सरळ उभं का राहतं, आणि पाणी त्याला किती अडवतं. बाकीचं निम्मं तुला येतंय. स्ट्रक्चर म्हणजे तुझं एसएफडी-बीएमडीच (तुळईवर कुठं किती कातर अन् वाक पडतो त्याचे आलेख), फक्त तुळईला टेकू पाण्याचा. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं लोंबतात, ते हॉगिंग. माथे टोकांना गेले की मध्य खचतो, ते सॅगिंग. वाईटात वाईट स्थिती धरायची म्हणून लाट जहाजाइतकीच लांब घ्यायची. नियमांचं पाठांतर शेवटच्या आठवड्यात होतं. टायटॅनिक १९१२ ला बुडालं अन् १९१४ ला सोलास हा समुद्रावरच्या जीवांच्या सुरक्षेचा करार झाला, एवढं कारण कळलं की पुढचे नियम कशासाठी आलेत ते आपोआप समजतं. सीकीपिंगमध्ये तुला व्हायब्रेशनची समीकरणं भेटतील, जुनी ओळख निघेल.

पुस्तकांची यादी देत नाही. एक गणित देतो, वही घेऊन बस.

एक चौकोनी बार्ज, म्हणजे सपाट तळाची माल वाहायची होडी. लांबी ४० मीटर, रुंदी १०, पाण्यात २ मीटर बुडालेला. बाजूला सारलेलं पाणी ८०० घनमीटर. समुद्राच्या पाण्याचं घनमीटरला १.०२५ टन धर, म्हणजे बार्जचं एकूण वजन ८२० टन. आता तळाच्या रेघेपासून वर मोजायला लाग. बुडालेल्या भागाचा मध्य १ मीटरवर, तो केबी. मग बीएम, म्हणजे त्या मध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची (जहाज जरा कललं की पाण्याचा वरचा रेटा मधल्या रेघेला जिथं छेदतो तो बिंदू) : पाण्याच्या पातळीवरच्या आयताचा मोमेंट ऑफ इनर्शिया (लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२) भागिले बुडालेलं आकारमान. चौकोनी बार्जला त्याचं सोपं रूप होतं, रुंदीचा वर्ग भागिले १२ गुणिले खोली. म्हणजे १०० भागिले २४, ४.१७ मीटर. दोन्हींची बेरीज ५.१७. बार्जचा गुरुत्वमध्य तळापासून ३ मीटरवर असेल तर तो वजा करून जीएम आला २.१७. भरपूर आहे. आयएमओ, म्हणजे जहाजांची आंतरराष्ट्रीय संघटना, जहाजांना किमान ०.१५ मीटर मागते.

रुंदीचा वर्ग आला तिथं थांबून बघ. रुंदी दुप्पट केली, खोली तीच ठेवली, तर बीएम चौपट. ताठर जहाज हवं म्हणून रुंदी वाढवत सुटायचं नाही, कारण फार ताठर जहाज झटके देत डोलतं अन् वरचा माल बांधलेल्या साखळ्या तुटतात. हे सूत्रात दिसत नाही, इंजिनवाल्यांना विचार.

आता तोच बार्ज आमच्या नाथसागरात आणून सोड. गोडं पाणी, घनमीटरला १ टन. ८२० टनांसाठी ८२० घनमीटर पाणी सारावं लागणार, म्हणजे खोली २.०५. पाच सेंटिमीटर जास्त बुडाला. जहाजाच्या बाजूवर वर्तुळ अन् आडव्या रेघांचं जे चिन्ह रंगवलेलं असतं, त्यात गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर का असते, ते या पाच सेंटिमीटरांत आलं. ही रेघ इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉलनं भांडून भांडून १८७६ च्या कायद्यात आणवली, मालक लोक जहाजं ठासून भरायचे म्हणून.

पुढचं तुला मुंबईकरांपेक्षा लवकर कळेल. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर बघितलेत ना? पूर्ण भरलेला टँकर वळणावर नीट जातो, रिकामाही जातो. अर्धा भरलेलाच हेलपाटतो, ड्रायव्हर शिव्या देतो. जहाजात याला फ्री सरफेस म्हणतात. आपल्या बार्जमध्ये १० मीटर लांब आणि पूर्ण १० मीटर रुंद अशी एक टाकी धर, अर्धी भरलेली, पाणी समुद्राचंच. वजन आधीच हिशोबात धरलंय. तरी त्या पाण्याच्या पृष्ठभागाचा मोमेंट ऑफ इनर्शिया ८३३ येतो, त्याला ८०० नं भाग : जीएममधून १.०४ मीटर गेला. जवळजवळ निम्मा! पाणी किती आहे याचा त्यात संबंधच नाही, पृष्ठभाग किती रुंद आहे त्याचा आहे. आता टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एक पत्रा उभा कर. प्रत्येक अर्ध्या टाकीचा १०४, दोन्ही मिळून २०८, नुकसान फक्त ०.२६. एका पत्र्यानं नुकसान चौथ्यावर आलं. तीन भाग केले तर नवव्यावर येईल. हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा हॉस्टेलच्या मेसला जायचं विसरलो होतो.

दुसरी गाठ, रेझिस्टन्स. फ्राउड नंबर (वेग भागिले, गुरुत्वाकर्षण गुणिले लांबीचं वर्गमूळ) सिव्हिलवाल्यांना कालव्यातून माहीत असतो. तिथं लांबीच्या जागी पाण्याची खोली घालतात, जहाजात जहाजाची लांबी. सांडव्याखाली पाणी उसळी घेतं तिथं आणि जहाजाच्या नाकाशी लाट उठते तिथं, दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणाचाच खेळ. विल्यम फ्राउडनं १८७२ च्या सुमारास इंग्लंडात टॉर्कीला लांब हौद बांधून त्यात जहाजाची मॉडेल्स ओढली. १०० मीटरचं जहाज १५ नॉटनं, म्हणजे सेकंदाला ७.७२ मीटरनं जाणार असेल, तर ४ मीटरचं मॉडेल किती वेगानं ओढायचं? माप पंचवीसपट लहान, वेग पाचपट कमी (पंचवीसचं वर्गमूळ) : सेकंदाला १.५४ मीटर. लाटा हुबेहूब तशाच उठतात.

पण घर्षण तसं येत नाही. घर्षण ज्यावर ठरतं तो रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी, भागिले पाण्याचा चिकटपणा) दोन्हीकडे सारखा ठेवायचा तर मॉडेल जहाजापेक्षाही वेगानं ओढावं लागेल. या उदाहरणात दोघांच्या रेनॉल्ड्समध्ये १२५ पटींचा फरक पडतो. दोन्ही नंबर एकाच हौदात, त्याच पाण्यात जुळत नाहीत, काही केलं तरी. फ्राउडची अक्कल इथं दिसते. त्यानं विरोध दोन भागांत तोडला : घर्षणाचा हिशोब कागदावर वेगळा करायचा, उरलेला भाग मॉडेलवरून मोजून जहाजाला लावायचा. घर्षणाचं सूत्र आज आयटीटीसीचं, म्हणजे हौदात मॉडेल ओढणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं, १९५७ चं वापरतात, पण तोडायची पद्धत त्याचीच. मूलतत्त्वांच्या पेपरात यावर प्रश्न आला नाही असं होत नाही, अन् निम्मी पोरं "दोन्ही नंबर जुळवायचे" असं लिहून येतात.

आणि हो, समुद्र फारसा बघितला नाही याचं काही वाटून घेऊ नकोस. देशातल्या कितीतरी बंदरांची मॉडेल्स, भरती-ओहोटी अन् लाटांसकट, पुण्याजवळ खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या केंद्रीय जल संशोधन केंद्रात तपासली जातात. ती संस्था १९१६ ची आहे, अन् तिथून समुद्र दिसत नाही.

---

टाइनकाठची_माजलगावकर

नाथसागर दादांच्या पोस्टला मुजरा. टँकरचं उदाहरण आमच्या प्रोफेसरना सांगणार आहे.

मी न्यूकॅसलला हाच कोर्स करायलेय, म्हणून थोडं तिकडचं. इथं एक वर्ष म्हणजे खरंच पळापळ. सप्टेंबरात आलीस की नाताळच्या आत मूलतत्त्वं संपतात. माझ्या गटात एक मेकॅनिकलवाला, एक भौतिकशास्त्रवाली अन् एक जण आधीच शिपयार्डमध्ये काम केलेला. शिपयार्डवाल्याला सगळे शब्द येत होते, पण गणिताला तो आमच्याकडे यायचा. तेव्हा पार्श्वभूमीचा बाऊ करू नकोस.

प्रोपल्शनबद्दल दादांनी काही लिहिलं नाही, ते मी लिहिते. इथल्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये टर्बिनिया ठेवलंय, चार्ल्स पार्सन्सचं, वाफेच्या टर्बाइनवर चालणारं पहिलं जहाज. लांबट, निमुळतं, दालनभर पसरलेलं. मागे जाऊन वाकून बघायचं, कारण खरी गोष्ट तिथं आहे. पहिल्या चाचण्यांत त्याला एकच शाफ्ट होता. टर्बाइनमध्ये ताकद होती, पंखा गरगर फिरत होता, अन् जहाज हवा तेवढा वेग घेईना. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरत होता की पाणी थंड असूनही उकळून वाफेचे बुडबुडे होत होते. म्हणजे पंखा पाण्याऐवजी पोकळीतच फिरत होता. कॅव्हिटेशन. तुला हे पंपात भेटलंय, एनपीएसएच आठव (पंपात पाणी उकळू नये म्हणून लागणारा दाब). पार्सन्सनं १८९५ मध्ये त्यासाठी छोटा बंदिस्त हौदच करून बुडबुडे डोळ्यांनी बघितले, मग एकाऐवजी तीन शाफ्ट लावले, प्रत्येकावर तीन पंखे. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या नौदल संचलनात ते न बोलावता घुसलं अन् नौदलाच्या बोटींना सापडलं नाही. वेग ३४ नॉटपर्यंत गेला होता.

दुसरं म्हणजे सध्या सगळं इंधनाभोवती फिरायलंय. आयएमओनं २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या आसपास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. आमच्या प्रोजेक्टला मिथेनॉलवर चालणारं छोटं मालवाहू जहाज आलं. मिथेनॉलला तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेलच्या सव्वादोन-अडीचपट जागा लागते. टाक्या वाढल्या, मालाची जागा घटली, टाक्या वर सरकवल्या तर गुरुत्वमध्य वर गेला, आणि फिरून फिरून आम्ही जीएमवरच आलो. तीनदा लांबी बदलावी लागली. दादा म्हणतात ते हातानं करायचं गणित त्या रात्री उपयोगी पडलं.

नांदेडकर काका, कर्जाचं खरं आहे. फी भरूनही राहायचा खर्च वेगळा, अन् इथं घरभाडं आगाऊ मागतात. आयआयटीत मिळालं असतं तर मी पण तिकडंच गेले असते.

---

नांदेडकर_जुना

बघा. आता ती म्हणाली म्हणजे खरं.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. वडिलांना पाच सेंटिमीटरचं गणित दाखवलं, ते म्हणाले मग निम्न दुधना धरणात बोट जास्तच बुडत असंल. म्हटलं हो, तेच.

मी रविवारी बसून बार्ज पुन्हा केला, रुंदी ८ मीटर घेऊन, वजन तेच ठेवलं. खोली २.५ आली, बीएम २.१३, केबी १.२५, गुरुत्वमध्य ३ वरच धरला तर जीएम फक्त ०.३८. दोन मीटर रुंदी कमी केली तर एवढा खाली? अन् मग ती टाकी ठेवली, ८ मीटर रुंदीची, तर नुकसान ०.५३ आलं. म्हणजे उणे! पोटात खरंच गोळा आला.

एक शंका. केबी, बीएम आकारावरून काढता येतात. पण गुरुत्वमध्य ३ मीटरवर आहे हे कुणी सांगितलं? खऱ्या जहाजात इतके पाइप, वायरी, रंग, पत्रे. क्वालिटीत आम्ही न मोजलेला आकडा धरत नाही.

---

नाथसागर

आकडे बरोबर आहेत. तुझा अरुंद बार्ज त्या टाकीसकट कलंडेल.

शंका एकदम जाग्यावर. डिझाइन करताना एकेका वस्तूचं वजन अन् उंची मांडून बेरीज करतात, पण त्यावर शेवटपर्यंत कुणी विश्वास ठेवत नाही. जहाज बांधून झालं की मोजतात. त्याला इन्क्लायनिंग टेस्ट म्हणतात.

माहीत असलेलं वजन डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायचं आणि जहाज किती कललं ते बघायचं. आधीचा १० मीटरवाला बार्ज घे. २ टनांचं वजन ६ मीटर सरकवलं. कलण्याचा टँजंट म्हणजे १२ भागिले ८२० गुणिले जीएम. जीएम २.१७ असेल तर ०.००६७. आत ३ मीटर लांबीचा ओळंबा सोडलेला असेल तर तो २ सेंटिमीटर सरकेल. उलट बाजूनं, ओळंबा किती सरकला ते मोजलं की जीएम मिळतो, अन् ५.१७ मधून तो वजा केला की गुरुत्वमध्य. ८२० टनांचं धूड आणि मोजायचे २ सेंटिमीटर. ओळंब्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतात, हेलकावे कमी व्हावेत म्हणून. एक ओळंबा चालत नाही, दोन-तीन ठिकाणी लावायचे, वजनं दोन्ही बाजूंना आळीपाळीनं हलवायची, अन् सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात का बघायचं. नाही आले तर कुठंतरी गडबड आहे.

गडबडीची ठिकाणं ठरलेली आहेत. दोर ताणलेले राहिले, वारा सुटला, टाकीत अर्धवट पाणी राहिलं, किंवा रीडिंग घेताना कुणीतरी चहा घेऊन डेकवरून चालत गेला. व्हर्नियरवर दिवस काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एमटेकच्या मुलाखतीत "मेकॅनिकलवरून इकडं का" विचारलं तर तुझी ही शंकाच सांग.

अर्ज कुठं करायचा ते ठरलं की इथंच लिही. लाइन्स प्लॅनवरून (जहाजाच्या वळणांचा नकाशा) सिम्प्सनच्या नियमानं (वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढायची रीत) क्षेत्रफळ काढायचं राहिलंय, तेही करून घेऊ. जहाज कधी चौकोनी नसतं.